स्टेशनच्या घड्याळात दहा वाजले होते

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. पुण्याच्या बहिणीलाही नाही — आणि तिला तर मी आमच्या बाथरूमचा नळ गळतो हेसुद्धा फोन करून सांगते. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा मध्येच हात धरून "अगं, एवढं काय त्यात" असं तुम्ही म्हणू शकणार नाही, म्हणून.

कारण सुरुवातीला तसंच वाटेल. एका कॉम्प्युटर गेमची तर गोष्ट. खेळात काय, सगळेच थोडंफार इकडचं तिकडे करतात. मीही स्वतःला बरेच दिवस हेच ऐकवलं.

मी कामाची बाई आहे. म्हणजे लोक तसं म्हणतात, आणि मला ते आवडतं. ऑफिसात प्रोजेक्टांची वेळापत्रकं बघते, घरी किराणा, औषधं, सोसायटीच्या मीटिंगा, गीझरची सर्व्हिसिंग. प्रत्येक गोष्टीची यादी असते आणि झालेल्या कामावर मी रेघ मारते. ती रेघ मारताना जे वाटतं ना — ते सुख मला गाण्यातसुद्धा मिळत नाही. हे आत्ताच सांगून ठेवते. पुढे कारण म्हणून सांगितलं असं वाटायला नको.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. घरात आणि घराबाहेर सगळे त्यांना अक्काच म्हणतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूत आहे. त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं की लग्न होऊन आले तेव्हा मला निम्मं कळायचं नाही आणि उरलेल्या निम्म्याचं हसू यायचं. जयनगरच्या एका शाळेत त्यांनी सगळी नोकरी गणित शिकवण्यात घालवली. मग काचबिंदूने डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेने. शेवटी उजेड-अंधार तेवढा उरला, तेव्हा रघूने — माझ्या नवऱ्याने — त्यांना आमच्याकडे सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आणलं. त्यांनी कुरकुर केली नाही. चार दिवसांत भिंतींना हात लावून घर पाठ केलं, आठवड्यात लिफ्टची बटणं. महिन्याभरात खालच्या बागेतल्या बाकावर बसून सोसायटीतल्या मुलींना तोंडी गणित शिकवायला लागल्या. फळा नाही, वही नाही. मुली गणित वाचून दाखवायच्या आणि अक्का डोळे मिटून म्हणायच्या, "स्वल्प थांब ग. तिसऱ्या ओळीत उणे होतं ना? कुठं गेलं ते?"

आणि ते खरंच गेलेलं असायचं.

गेम आणला आमच्या जान्हवीने. कॉलेजसाठी बाहेरगावी जायच्या आधीच्या सुट्टीत ती आजीबरोबर तो खेळायला बसली. सगळं काळंपांढरं, एक धुक्यातलं बंदराचं गाव, लांब कोट घातलेला एक खाजगी डिटेक्टिव्ह, एकामागून एक नाहीशी होणारी माणसं. ज्या घरातून माणूस गेला तिथे छतावर ओल. भिंतीवर नाही, छतावर. सुरुवातीला वाटतं, खून आहेत. मग हळूहळू कळतं की त्या गावाखाली काहीतरी आहे, गाव वसायच्या कितीतरी आधीपासूनचं. ते कोणाचा राग धरत नाही, कोणाचा सूड घेत नाही. त्याला माणसं दिसतच नाहीत. ते नुसतं कूस बदलतं आणि वरच्यांच्या आठवणी विस्कटतात.

जान्हवी पडद्यावरचं वाचायची, वर्णन करायची; अक्का सांगायच्या कुठे जायचं, कोणाला काय विचारायचं. जाताना पोरीने मला बजावलं, "आई, आजीला मध्येच सोडू नकोस हं. शेवटपर्यंत खेळ." मी फ्रीजवरच्या यादीत लिहिलं — अक्कांचा गेम पूर्ण करणे.

तेव्हापासून ऑफिसचं काम आटपलं की संध्याकाळी आम्ही दोघी बसायचो. चहा, चकल्या, लॅपटॉप. मी इंग्रजी संवाद मराठीत सांगायचे. अक्का त्या डिटेक्टिव्हला "कोटवाला" म्हणायच्या. "अय्यो, हा कोटवाला किती सिगारेटी ओढतो! याची बायको काही म्हणत नाही?"

"त्याला बायको नाही, अक्का."

"मग बरोबर. म्हणून नसत्या भानगडीत पडतो."

त्या खेळाची एक खोड होती — तो खेळणाऱ्याशी खोटं बोलायचा. न्हाव्याच्या दुकानाशेजारी काल हिरवं दार असायचं; आज तिथे भिंत. न्हावी शपथेवर सांगायचा, इथे दार नव्हतंच साहेब. मी तर विसरूनच गेले होते. मला वाटलं, नसेल. अक्का हसल्या. "हिरवं दार होतं. तूच सांगितलंस, कडी पितळेची होती म्हणून. न्हाव्याला सोडू नको, त्याला विचार दाराचं." आणि विचारलं तर न्हावी रडायला लागला. पुढचा सगळा भाग तिथून उघडला.

माझ्या लक्षात आलं का तेव्हा, की हा खेळ ज्याच्यासाठी रचला होता तो खेळाडू म्हणजे अक्काच? पडदा न दिसणारी बाई. तिच्याकडे आठवणीशिवाय दुसरं काही नव्हतंच, आणि ती आठवण इतकी लखलखीत, की पडद्यावरचं अख्खं गाव एकवटूनही तिला फसवू शकत नव्हतं. हो, लक्षात आलं होतं. आणि मला त्याचा आनंद झाला नाही.

इथे मी पुन्हा थांबतेय. पुढचं टाळण्यासाठी आणखी दोन गोष्टी सांगाव्यात असं वाटतंय. उदाहरणार्थ, त्या दिवसांत ऑफिसात फार काम होतं. होतंच. पण ते नेहमीच असतं.

आम्ही तीन घड्याळांपाशी अडकलो होतो. चर्चचं, बंदरावरचं आणि स्टेशनचं. तिन्ही बंद पडलेली, तिन्ही वेगळ्या वेळी. मला वाटलं, त्या वेळांना काहीतरी घडलं असणार. मी त्या वेळांना कोण कुठे होतं याचा तक्ताही केला. अक्का गप्प. दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "एक मोठं ताट आण. चिंचोके आण. आणि खराट्याच्या दोनतीन काड्या, नवीन खराट्याच्या, धुऊन."

त्यांनी ताटात गाव मांडलं. ताटाचा वरचा काठ उत्तर. खेळात मी कधीतरी सांगितलं होतं, चर्चपासून बाजार पूर्वेला, स्टेशन नदीपलीकडे — ते सगळं त्यांच्या डोक्यात होतं. बोटांनी चाचपत त्यांनी घड्याळांच्या जागी चिंचोके ठेवले. बर्फाच्या कारखान्यासाठी एक वाटी उलटी. बेकरीसाठी चकलीचा तुकडा. मग म्हणाल्या, "घड्याळ वेळ सांगतं असं कोण म्हणालं ग? त्याला काटा आहे. काटा बोट दाखवतो." आणि बारा म्हणजे उत्तर धरून प्रत्येक चिंचोक्यावरून त्या घड्याळाच्या तासकाट्याच्या दिशेने एकेक काडी टाकली. चर्चची, बंदराची, स्टेशनची. तिन्ही काड्या उलट्या वाटीला जाऊन टेकल्या.

"दोन रेषा कुठंतरी मिळतातच," त्या म्हणाल्या. "त्यात काही विशेष नाही. तिसरी तिथंच मिळाली ना — की मग अर्थ आहे." त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता! वर्गात सगळ्यात मागच्या बाकावरच्या पोरीला अचानक उत्तर यावं, तसा. "चल माधवी. बर्फाच्या कारखान्यात चल."

बरोबर होतं. मला माहीत होतं, की बरोबर होतं. त्या दोन दिवसांतच मी इंटरनेटवर बघून ठेवलं होतं. अशा खेळांची उत्तरं पायरीपायरीने लिहून ठेवलेली असतात. मी ती वाचली, अजून किती उरलंय ते समजावं म्हणून. घड्याळांचं कोडं सुटलं की कारखान्याखालचा जिना उघडतो, आणि मग आतापर्यंत झाला तेवढाच खेळ अजून पुढे आहे. पण त्याच जागी दुसरीही वाट होती. पोलीस ठाण्यात जाऊन गावातल्या डॉक्टरवर आरोप करायचा. डॉक्टर निर्दोष असतो. त्याला पकडतात, गाव काळोखात बुडतं, खेळ बनवणाऱ्यांची नावं पडद्यावर सरकायला लागतात, खेळ संपतो. पाच मिनिटांचं काम.

मी म्हटलं, "थांबा हं, अक्का. मला वाटतं, काहीतरी चुकतंय."

"कुठं?"

"स्टेशनच्या घड्याळात."

"जाऊन बघ की मग." किती साधं होतं त्यांच्यासाठी! त्यांना दिसत नव्हतं, मला दिसत होतं. मी बघून सांगायचं. आमचा सगळा खेळ एवढ्यावरच तर चालला होता.

मी कोटवाल्याला स्टेशनवर नेलं. घड्याळावर क्लिक केलं. ते पडदाभर मोठं झालं. तासकाटा दहाच्या जरा पुढे होता.

"दोन," मी म्हटलं.

"दोन?" त्या थांबल्या. "तू दहा म्हणाली होतीस."

"नाही हो अक्का. दोनच म्हटलं होतं."

"दहा म्हणालीस. मी विचारलं, बरोब्बर दहा का, तर तू म्हणालीस, जरा पुढे."

अगदी हेच बोलणं झालं होतं. शब्दन् शब्द. मी म्हटलं, "तुमचं काहीतरी मिसळलंय. समोर दिसतंय मला. दोन वाजलेत."

त्यांनी ताटावर हात फिरवला, स्टेशनचा चिंचोका शोधला, त्यावरची काडी उचलली आणि दोनच्या दिशेला फिरवली. काडी वाटीपासून दूर, ताटाच्या काठावरून बाहेर गेली. त्यांनी तिच्या टोकापर्यंत बोट नेलं. पलीकडे नुसतं टेबल. तिथेच बोट ठेवून बसल्या.

"सरी," म्हणाल्या शेवटी. बरं, असं. मग म्हणाल्या, "तुला कोण वाटतो?"

मी म्हटलं, डॉक्टर.

गाव बुडालं. मी शेवटचं वर्णन करून सांगितलं, जरा रंगवूनच. अक्कांनी चिंचोके बोटांनी एकेक वेचून डबीत भरले. मी ताट घासायला टाकलं आणि यादीतल्या त्या ओळीवर रेघ मारली.

एवढंच असतं तर? एवढंच असतं तर कदाचित मी हे कधी लिहिलंही नसतं. त्या आठवड्यात अक्का खालच्या बाकावर गेल्या नाहीत. मुली दाराशी आल्या, "अज्जी, येताय ना?" अक्का म्हणाल्या, पाय दुखतोय. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाय. मग एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नको ग. पोरी लिहून घेतात मी सांगते ते. मी दहाला दोन म्हणायची, आणि त्यांच्या परीक्षेत ते तसंच जायचं."

मी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. हातात कोथिंबीर निवडायला घेतली होती, ती निवडत राहिले. "वयानं होतं थोडंफार," असं म्हणाले मी. हे वाक्य माझं आहे. कोणी माझ्या तोंडी घातलेलं नाही.

मग सकाळची गोळी घेतली का, हे त्या मला विचारायला लागल्या. आधी एकदा, मग दोनदा. लिफ्टपर्यंत एकट्या जायच्या, ते बंद झालं, दारापाशी उभ्या राहून म्हणायच्या, "डावीकडंच ना?" रघूला काळजी वाटायला लागली. त्याने जयनगरच्या एका मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्या दिवशी तो गावाला होता, म्हणून मी नेलं. फाईल लावली, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे, औषधांची चिठ्ठी वर.

डॉक्टर तरुण होते, प्रेमळ होते. "अज्जी, अज्जी" करत त्यांनी बरंच काही विचारलं. शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाले, आणि अक्का इतक्या भरभर खाली उतरल्या की डॉक्टर हसत म्हणाले, थांबा, मलाच मोजता येईना. मग म्हणाले, काही काळजीचं दिसत नाही, तुम्हाला का वाटतंय असं? तेव्हा अक्कांनी त्यांना घड्याळाची गोष्ट सांगितली. कन्नडमध्ये, पण मला सगळी कळली. अनोळखी माणसासमोर, मान खाली घालून, चोरी कबूल करावी तशी सांगितली. "मला अजून दहाच ऐकू येतं, डॉक्टर. हिचा आवाज, हिचे शब्द, सगळं येतं. आणि ते घडलेलंच नाही. जे घडलं नाही ते इतकं स्पष्ट आठवतं — याला काय म्हणायचं?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. घरी तुम्हाला काय जाणवतं?

मी त्यांच्यासमोर बसले होते. मांडीवर फाईल होती. अक्का माझ्या उजव्या हाताला, इतक्या जवळ की त्यांच्या पदराचा वास येत होता. एक वाक्य पुरलं असतं. अक्कांना राग आला असता, रघूला आला असता, जान्हवी बरेच दिवस बोलली नसती. मग सगळं सावरलं असतं. अक्का सावरल्या असत्या.

"थोडं विसरतात," मी म्हटलं.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

घरी आल्यावर मी लॅपटॉपवरून तो गेम काढून टाकला. का? दिवाळीच्या सुट्टीत जान्हवी येणार होती, आणि तिला कधीही ते घड्याळ उघडून बघता आलं असतं. जान्हवी आली. आजीला विचारलं, "काय झालं ग शेवटी कोटवाल्याचं?" अक्का म्हणाल्या, "माझ्यामुळं गाव बुडालं बघ." पोरीने माझ्याकडे बघितलं, गेम कुठाय म्हणाली. लॅपटॉप भरला होता, जागा करायला काढला, असं मी सांगितलं. माझ्यासारख्या बाईचं हे बोलणं कोणालाही पटतं. तिला पटलं.

आणि आता ते, जे मी या सगळ्याच्या मागे लपवत आलेय. आतापर्यंत मी तुम्हाला असं भासवलं, की मला तो गेम संपवायचा होता. कामाची बाई, वेळ नाही, रेघ मारायची घाई. ते खरं आहे, पण ते वरवरचं आहे. संपवायचाच असता तर सरळ म्हणता आलं असतं, "अक्का, मला कंटाळा आलाय." त्या हसल्या असत्या, म्हणाल्या असत्या, मग जान्हवी आल्यावर खेळू. मी दहाला दोन म्हटलं, कारण मला त्यांना एकदा चुकलेलं बघायचं होतं. मी याद्या करते, कारण माझ्या लक्षात राहत नाही. लहानपणापासून राहत नाही. सगळं लिहावं लागतं आणि ते कोणाला कळू नये म्हणून मी त्यालाच शिस्त म्हणते. आणि शेजारी ही बाई, डोळे नसलेली, कागद नसलेली, चहाचा घोट घेत म्हणायची, "नाही ग माधवी, तू मंगळवारी वेगळं सांगितलंस." कधी टोचून नाही. कधीच नाही. मला ते रोज टोचायचं. आणि त्या एका संध्याकाळी पडद्यावर घड्याळ मोठं झालं, आणि मला कळलं की ही एकच जागा आहे जिथे त्या माझ्यावर पूर्ण अवलंबून आहेत.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. वाटलंही. रात्रीच्या जेवणापर्यंत.

हा मजकूर कुठे छापून आला, तर अक्कांपर्यंत पोचणार नाही. घरातलं मराठी त्यांना वाचून दाखवते ती मीच.

अलीकडे त्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबतात. काही सांगितलं की "बरोबर ना ग?" म्हणतात. भाजीत मीठ घातलं, बरोबर ना ग? आज गुरुवार, बरोबर ना? मी हो म्हणते, किंवा नाही म्हणते, आणि त्या ते धरून पुढे जातात. गेल्या आठवड्यात दुपारी त्यांचे केस विंचरून देत होते. त्या त्यांच्या लहानपणचं सांगत होत्या. त्यांच्या आईच्या आईच्या घरामागे फणसाचं झाड होतं, त्याखाली बसून त्या पाढे म्हणायच्या. बोलता बोलता अडखळल्या. विचारात पडल्या. मग मान मागे वळवून, मी जिथे उभी होते तिथे चेहरा करून, त्यांनी मला विचारलं, "माझ्या आईचं माहेर धारवाडचंच होतं ना ग?"

त्यांच्या आईला मी कधी पाहिलेलं नाही. माझं लग्न व्हायच्या किती आधीच त्या गेल्या. त्यांच्या माहेराबद्दल या घरात कोणी कधी बोललेलं मी ऐकलेलं नाही.

"हो, अक्का," मी म्हटलं. "धारवाडचंच."

त्यांनी मान पुन्हा पुढे केली, आणि मी विंचरत राहिले.